बाळाची टाळू आणि यंत्राचा डोळा



या व्यासपीठावर माझे नाव पाहून आपल्यापैकी पुष्कळांनी असा अंदाज केला असेल की, आज बोनस, किमान वेतन किंवा ठेकेदारी यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे, तेव्हा आपला अंदाज गैर म्हणता येणार नाही. परंतु आजचा विषय निराळा आहे. लहान मुलाच्या कवटीची ठेवण का बिघडते, आणि ती ओळखण्यासाठी शरीराच्या आतली जी चित्रे काढतात, ती कोणती, केव्हा आणि कशासाठी काढावीत, हा तो विषय.

मी डॉक्टर नाही. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही आहे ते वाचनालयात आणि रुग्णालयांच्या बाकांवर मिळवलेले आहे. आमच्या धंद्यात एक सवय लागते. मालकाने कागद पुढे केला की, तो समजल्याशिवाय सही करायची नाही. डॉक्टरांनी पुढे केलेल्या कागदालाही मी तीच सवय लावली, एवढेच. सभागृहात डॉक्टर मंडळी बसली आहेत. माझे कोठे चुकले तर त्यांनी शेवटी उभे राहून सांगावे. मला राग येणार नाही.

हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेत कोळंबी सोलणाऱ्या बायका होत्या. त्यांतली एक बाळंतपणानंतर कामावर परतली, ती दोन-अडीच महिन्यांचे मूल बरोबर घेऊन. नवरा बोटीवर खलाशी. एके दिवशी सभा संपल्यावर तिने मूल माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "दादा, ह्याचे डोके होडीसारखे का दिसते हो?" मी पाहिले. डोके दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखे अरुंद, पुढे कपाळ फुगलेले, मागे टोक निघालेले. तिची सासू म्हणत होती की, तेल चोळले की बसेल. मालिश करणारी बाईही तेच म्हणत होती. तिने एका ठिकाणी डॉक्टरांना दाखवले होते. त्यांनी डोक्याला हात न लावता लांबूनच सांगितले की, मोठा झाला म्हणजे आपोआप सुधारेल. आणि मी, जो कोणताही कागद समजल्याशिवाय सही करत नाही म्हणून आता आपल्यापुढे मिरवला, तो मीही म्हणालो, "बाय, घाबरू नको. पोरांची डोकी अशीच असतात."

ते मूल चौदा महिन्यांचे झाले तेव्हा कोणा जाणत्या डॉक्टरच्या नजरेस पडले. मुंबईला जावे लागले. चित्र निघाले, रोगाचे नाव कळले, शस्त्रक्रिया झाली. मुलगा आज शाळेत जातो, चांगला खेळतो. परंतु पहिल्या काही महिन्यांत जे लहानशा शस्त्रक्रियेने होण्याजोगे होते, त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त जास्त द्यावे लागले, मुक्काम लांबला, बापाचा मासेमारीचा हंगाम बुडाला आणि आईची कामावरची जागा गेली. मुंबईहून परतल्यावर ती बाई मला एवढेच म्हणाली, "दादा, हे चित्र आधी का नाही काढले?" मजपाशी उत्तर नव्हते. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे, उशिरा का होईना, दिलेले उत्तर आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. आपण समजतो की, कवटी म्हणजे कुंभाराने घडवलेल्या मडक्यासारखी एकसंध वस्तू. मोठ्या माणसाची बरीचशी तशी होते. बाळाची तशी नसते. ती हाडांच्या वेगवेगळ्या पत्र्यांची असते, आणि पत्र्यांच्या मध्ये शिवणी असतात. एक शिवण कपाळाच्या मधोमध. एक टाळूपासून मागे, डोक्याच्या मध्यरेषेवरून जाणारी. एक टाळूच्या दोन्ही अंगांना, कानांच्या दिशेने उतरणारी. एक मागच्या बाजूला. जेथे शिवणी एकमेकींना मिळतात तेथे हाड भरलेले नसते, तीच टाळू. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची मोठी साधारण एक ते दीड वर्षात, काही मुलांत थोडी उशिरा.

शिंपी लहान मुलाचा कपडा शिवताना शिवणीत थोडे कापड जास्त ठेवतो, पुढे उसवून वाढवता यावे म्हणून. त्याला आपण 'माया' म्हणतो. निसर्गाने बाळाच्या कवटीत ठेवलेली ही मायाच आहे. जन्माच्या वेळी त्या अरुंद वाटेतून येताना हाडे एकमेकांवर थोडी सरकतात आणि वाट काढतात. पुढे मेंदू वाढू लागतो, आणि तो किती वेगाने वाढतो ते पाहा. बाळाच्या डोक्याचा घेर पहिले तीन महिने दर महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर, पुढचे तीन महिने एकेक सेंटिमीटर आणि त्यानंतरचे सहा महिने अर्धा-अर्धा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वर्षात बारा सेंटिमीटर, आणि त्यांतले नऊ पहिल्या सहा महिन्यांतच! हा आकडा कृपा करून लक्षात ठेवा. शेवटी मला त्याची गरज लागणार आहे.

आता समजा, यांतली एखादी शिवण वेळेआधीच हाडाने बंद झाली. मेंदू तर वाढायचा थांबत नाही. मग तो जिकडे वाट मोकळी तिकडे ढकलतो. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने १८५१ साली याचा नियम सांगितला. बंद झालेल्या शिवणीच्या आडव्या दिशेने वाढ खुंटते आणि शिवणीच्या दिशेने ती जास्त होते. मधली लांब शिवण बंद झाली की, डोके रुंद होऊ शकत नाही. ते लांब होते, होडीसारखे. वैद्यकात या आकाराला जे ग्रीक नाव आहे, त्याचाही अर्थ होडी असाच आहे. म्हणजे त्या खलाशाच्या बायकोने रोगाचे नाव पहिल्याच दिवशी बरोबर सांगितले होते. ऐकणारे आम्ही अडाणी होतो. कपाळावरची शिवण बंद झाली तर कपाळ त्रिकोणी होते. एका कानाकडे उतरणारी बंद झाली तर त्या बाजूचे कपाळ मागे दबते आणि भुवई वर ओढल्यासारखी दिसते. दोन ते अडीच हजार जन्मांमागे साधारण एका मुलाला हा विकार असतो. त्यांत मधल्या शिवणीचा प्रकार सर्वांत अधिक, आणि तो मुलींपेक्षा मुलांत बराच जास्त. काही थोड्या मुलांत अनेक शिवणी एकदम बंद होतात, हातापायांची बोटे जुळलेली असतात किंवा डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. तेथे मूळ कारण जनुकांत असते. अशा मुलांच्या मेंदूवर दाब येण्याचा आणि दृष्टी जाण्याचा धोका मोठा. एकच शिवण बंद असलेल्या प्रत्येक मुलाला तसा दाब येतोच असे नाही. परंतु येणार की नाही हे लांबून पाहून सांगता येत नाही.

येथे कोणी घाबरून घरी जाऊन नातवाचे डोके मोजू लागेल, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक वाकडे डोके रोगाचे नसते. किंबहुना अगदी सरळ डोके कोणाचेच नसते. हे सिद्ध करणाऱ्यांत आपल्याच मुलखाशी नाते असलेल्या एक बाई होत्या, ही अभिमानाची गोष्ट आहे.

इरावतीबाई कर्वे आपल्याला 'युगान्त'मुळे ठाऊक आहेत. त्यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तेथल्या इरावती नदीवरूनच त्यांचे नाव पडले. ज्या ब्रह्मदेशाचा थिबा राजा आपल्या रत्नागिरीत कैदेत राहिला आणि १९१६ साली येथेच वारला, तोच हा देश. पुढे त्या आपल्या जिल्ह्यातल्या मुरुडच्या महर्षी कर्व्यांच्या सून झाल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. त्यांची समजूत अशी की, युरोपीय माणसाच्या कवटीची एक बाजू विशिष्ट रीतीने मोठी असते, इतरांची तशी नसते, आणि त्यातून युरोपीय बुद्धीचे श्रेष्ठत्व दिसते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांना आढळले की, डाव्या-उजव्या बाजूंतला फरक सर्वच कवट्यांत असतो आणि त्याचा वंशाशी संबंध लागत नाही. परक्या देशात, आपल्याच परीक्षकाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष एका तरुण हिंदी विद्यार्थिनीने लिहून दिला. कामगार चळवळीत आम्ही धैर्याच्या पुष्कळ गोष्टी सांगतो. ही त्यांत बसणारी आहे.

त्यांच्या प्रबंधाच्या नावातच 'स्वाभाविक असमानता' असे शब्द आहेत. तेव्हा प्रश्न वाकडेपणाचा नाही. स्वाभाविक वाकडेपण कोणते आणि रोगाचे कोणते, हे ओळखण्याचा आहे.

स्वाभाविक वाकडेपणाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे बाळ एकाच कुशीवर किंवा एकाच बाजूला मान ठेवून निजते, हे. झोपेत अचानक होणारे बालमृत्यू टाळण्यासाठी १९९० च्या दशकात अमेरिका-इंग्लंडमध्ये बाळाला पाठीवर निजवा असा प्रचार झाला. मृत्यू पुष्कळ कमी झाले. सल्ला योग्यच होता आणि आजही तोच आहे. परंतु मागून चपट्या डोक्यांची मुले तेथे वाढली. हा चपटेपणा धोक्याचा नाही. मान फिरवायला लावणे, जागेपणी आपल्या डोळ्यांदेखत पालथे घालणे, पाळण्याची दिशा बदलणे, एवढ्याने तो बहुधा कमी होतो. आपल्याकडे गोल डोक्यासाठी मोहरीची उशी देतात, तेल लावताना डोके दाबून आकार देतात. तेल लावण्यात आईचा हात फिरतो, ते चांगलेच आहे. परंतु दाबून बंद शिवण उघडत नाही. ती आशा सोडा. आणि निजलेल्या तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली उशी नको, असेच आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

मग ओळखायचे कसे? यंत्राआधी तीन साधने आहेत, आणि ती गरिबाच्या घरातही आहेत. पहिले साधन डोळा. बाळाला मांडीवर घेऊन वरून, टाळूच्या दिशेने पाहा. निजण्यामुळे डोके चपटे झाले असेल तर त्या बाजूचा कान आणि कपाळ थोडे पुढे सरकलेले दिसते, जणू चौकट तिरकी झाली आहे. मागची शिवण बंद असेल तर तो कान बहुधा मागे ओढलेला असतो. दुसरे साधन बोट. शिवणीवरून हलके फिरवले असता कडक वरंबा लागतो का, ते पाहायचे. तिसरे साधन शिंप्याची फीत. घेर दर महिन्याला मोजून लिहायचा. तो वाढत नसेल किंवा प्रमाणाबाहेर भराभर वाढत असेल, तर दोन्ही वेळा डॉक्टरकडे जायचे; दुसऱ्यात डोक्यात पाणी साठत असण्याचा संभव असतो. आणि एक सावधगिरी ठेवा. पुढची टाळू उघडी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ती उघडी असूनही मधली शिवण बंद असू शकते.

येथपर्यंत शंका आली. तिचा निवाडा करायला चित्र लागते. पहिले चित्र क्ष-किरणांचे. राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण शोधले. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, आणि शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. आज तालुक्याच्या गावीही हे यंत्र असते, खर्च थोडा, किरणांची मात्रा थोडी. कवटीच्या आत दाब फार दिवस राहिला असेल तर या चित्रात हाडाच्या आतल्या बाजूला ठोके पडल्यासारखे दिसते. डॉक्टर त्याला ठोक्याच्या तांब्याच्या भांड्याची उपमा देतात. ज्याने तांबट आळी पाहिली आहे त्याला निराळे समजावायला नको. परंतु तान्ह्या बाळाच्या हाडात चुना पुरता भरलेला नसतो. त्यामुळे साध्या चित्रात उघडी शिवण बंद वाटते, बंद असलेली सुटून जाते. नुसत्या या एका चित्रावर 'काही नाही' असे लिहून मिळाले, आणि डोळ्याला व बोटाला मात्र शंका राहिली, तर तेथे थांबू नये.

दुसरे चित्र सीटी स्कॅनचे. हे यंत्र करणारा गॉडफ्रे हौन्सफील्ड हा माझा आवडता माणूस आहे. इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचा पाच मुलांतला धाकटा मुलगा. विद्यापीठाची पदवी नाही. युद्धात हवाई दलात रडारचे काम शिकला आणि पुढे ईएमआय या ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत लागला. त्याने विचार केला की, वस्तूच्या सर्व बाजूंनी क्ष-किरण सोडून मापे घेतली आणि गणित केले, तर वस्तू न कापता तिचे आतले काप दिसतील. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे असे चित्र निघाले. १९७९ साली ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळाले. पुढे १९८० च्या दशकात ते काप एकावर एक रचून संगणकाच्या पडद्यावर सबंध कवटी उभी करता येऊ लागली. ती फिरवून पाहावी, कोणती शिवण बुजली ते बोटाने दाखवावे, कोठे कापायचे ते शल्यविशारदाने आधीच ठरवावे. आजही शेवटचा निवाडा बहुधा याच चित्रावर होतो.

परंतु या चित्राला किंमत आहे, आणि मी पैशाबद्दल बोलत नाही. डोक्याच्या एका सीटी स्कॅनमध्ये किरणांची मात्रा, ढोबळ मानाने, माणसाला वर्षभरात निसर्गातून मिळते तितकी असते. मोठ्यांपेक्षा मुलांच्या पेशी किरणांना अधिक नाजूक, आणि त्यांचे पुढचे आयुष्यही लांब. म्हणून चपटे डोके दिसले की स्कॅन, पुन्हा शंका आली की पुन्हा स्कॅन, ही रीत बरी नव्हे. गरज असेल तेव्हा एकदा, मुलाच्या मापाची मात्रा लावून, आणि शक्यतो जेथे शस्त्रक्रिया होणार तेथल्याच सल्ल्याने ते काढावे. पूर्वीचे चित्र असेल तर ते बरोबर न्यावे. आमची माणसे कागद हरवतात आणि मूल पुन्हा यंत्राखाली जाते.

तिसरे चित्र सोनोग्राफीचे. हे नाव काढले की, आपल्याला गर्भलिंगनिदान आठवते. त्याविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्रानेच केला. त्याच यंत्राचा हा पुण्याचा उपयोग. यात किरणोत्सर्ग मुळीच नाही, केवळ आवाजाच्या लहरी. हाडाच्या दोन पांढऱ्या रेघांमध्ये काळी फट दिसली तर शिवण उघडी. रेघ सलग गेली तर बंद. बाळ आईच्या मांडीवर असतानाही ते पाहता येते. पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत, हे चांगले दिसते. मात्र पाहणाऱ्याचा हात तयार पाहिजे. चौथे चित्र एमआरआयचे. त्यातही क्ष-किरण नाहीत, मेंदू उत्तम दिसतो, आणि अलीकडे हाड दाखवण्याच्या युक्त्याही निघाल्या आहेत. परंतु त्यात बराच वेळ निश्चल पडावे लागते. अगदी तान्ह्या बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपेतच आत सरकवतात. थोड्या मोठ्याला गुंगीचे औषध द्यावे लागते.

म्हणजे क्रम असा. आधी डोळा, बोट आणि फीत. शंका राहिली तर जाणत्या हातची सोनोग्राफी. आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर एकदाच सीटी. यांत यंत्र शेवटी येते. त्या बाईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे. चित्र आधी निघाले नाही, कारण आम्ही कोणीच आधी पाहिले नाही.

उरलेले अर्धे उत्तर व्यवस्थेचे आहे, आणि तेथे मला माझ्या मूळ धंद्यावर यावे लागते. आपल्या कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या परळ-लालबागच्या गिरण्यांत राबली. त्याच परळमध्ये १९२९ साली बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय उघडले. योगायोग असा की, मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभाचा कायदाही १९२९ सालचाच. मूल आणि त्याच्या आईची रजा, या दोन्ही गोष्टी एकाच साली कामगारांच्या पदरात पडल्या. गिरण्या गेल्या, रुग्णालय राहिले. जानेवारी २०२० मध्ये पैशाअभावी तेही बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा कर्मचारी रस्त्यावर उतरले, सरकार हलले आणि दार उघडे राहिले. मिळालेली गोष्ट राखावी लागते, हा त्यातला धडा.

आता सरकारची योजना पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाला. योजना उत्तम आहे. तिच्या मूळ यादीत तीस विकार होते. दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, जन्मजात मोतीबिंदू, सर्व त्यात आहे. कवटीच्या शिवणीचे नाव मात्र वेगळे नाही. तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचे, अशी आखणी. आता मघाचा आकडा आठवा. पहिल्या सहा महिन्यांत डोके नऊ सेंटिमीटर वाढते! पथकाच्या दोन भेटींच्या मध्ये सगळी संधी निघून जाते.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. लसीला मूल दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना आणतातच. त्या तिन्ही वेळा आरोग्यसेविकेने डोक्याला फीत लावावी, शिवणीवरून बोट फिरवावे आणि आकडा कार्डावर लिहावा. आशाताई घरी जाते तेव्हा तिनेही हेच करावे. आणि तिला त्याचा मोबदला मिळावा, फुकट नव्हे. रत्नागिरीत २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे बाळाच्या शिवणींची सोनोग्राफी करणारा एक तरी हात तयार व्हावा, आणि चित्र तारेने मुंबईच्या तज्ज्ञाकडे जावे. मूल आणि आई उगाच सव्वातीनशे किलोमीटर जाऊ नयेत. आणि शेवटचे, आईची रजा. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आली. परंतु कोळंबी सोलणाऱ्या, काजू फोडणाऱ्या, रोजंदारीवरच्या बाईच्या हाती ती कितपत पडते, ते मला विचारा. जी आई एक दिवस मोडला तर जागा गमावते, ती मुलाला तपासायला नेणार केव्हा? यंत्र कितीही चांगले असो, त्याच्यापुढे मूल आणून ठेवायला आईला एक दिवस मोकळा मिळाला पाहिजे. तो दिवस मिळवून देणे हे डॉक्टरांचे काम नाही; ते आपले आहे.

मंडळी, आज घरी गेल्यावर शेजारच्या तान्ह्या बाळाला मांडीवर घ्या, आणि एकदा वरून नीट पाहा. काही दिसले नाही तर पापा घेऊन परत द्या. काही दिसले तर मी म्हणालो तसे "अशीच असतात" असे मात्र म्हणू नका. त्या आईबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जा.